अंकांचे रूप आणि संख्येचे स्वत्व

नऊ एकांनी लिहिलेल्या संख्येचा वर्ग केला, की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या येते. उलट वाचा, सुलट वाचा, तीच. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी या कुळाला ‘डेम्लो’ हे नाव दिले, तेही डोंबिवली स्टेशनावरून!

पंडितांनी त्यांच्या उद्योगाला पोरखेळ म्हटले. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पूर्ण वर्ग असणे, ३, ३७ आणि ३३३६६७ याच मूळ संख्यांच्या गुणाकारातून घडणे, हे संख्येचे स्वत्व. दोन्ही बाजूंचा तोल मात्र आपल्या दशमान लेखनाचा, म्हणजे अखेर दहा बोटांचा. हीच संख्या बाराच्या पायावर लिहिली, तर तोल ढळतो.

मग मास्तरांचे प्रेम वाया गेले काय? लक्ष्मीपूजनाच्या अमावास्येच्या सुमारास गोराईच्या खाडीला उधाण येते. तिथीला नाव आपण दिले; उधाण आपण आणले नाही. तसेच येथे आहे. दहाचा पाया आपण निवडला. पण दहावा एक जोडताच हातचा येतो आणि तोल मोडतो, हे आपण ठरवलेले नाही. बाराचा पाया घ्या, त्या लेखनात अकरा एकांपर्यंत तोच तोल टिकेल.

निवड आपली, तिचे फलित आपल्या मर्जीबाहेरचे. दिलेल्या शब्दाचेही असेच असते. द्यावा की न द्यावा, हे आपल्या हाती. दिल्यावर तो काय मागेल, हे नव्हे. आपल्याच नियमातून जे निघते ते मुकाट्याने, इमानाने पाहणे याला कुणी खेळ म्हणो. मी त्याला सचोटी म्हणेन.