शिक्षेची मुदत

न्यायाधीश व्हावं असं मला कधीच वाटलं नव्हतं. बी.कॉम. झालेल्या माणसाला असलं काही वाटतही नाही. सही जुळते की नाही, एवढाच काय तो न्याय मी वीस वर्षं काउंटरमागे बसून करत आलो. पण गिरगावातल्या चाळीत राहणाऱ्यावर कधी काय प्रसंग येईल, सांगता येत नाही. सात वर्षांपूर्वी गणपतीच्या वर्गणीतले पाचशे रुपये दुसऱ्या मजल्यावरच्या एका चौदा वर्षांच्या पोराने खाल्ले आणि खजिनदार म्हणून मला न्यायदानाला बसावं लागलं.

नानांचं म्हणणं, दोन कानाखाली ठेवून द्या. कशासाठी? तर "बरं वाटतं!" नाना प्रामाणिक आहेत. सेक्रेटरींना बाकीच्या पोरांवर जरब बसवायची होती. तिसऱ्यांना एवढंच हवं होतं की, पोरगा आणि पावतीपुस्तक यांची पुन्हा गाठ पडू नये. माई म्हणाल्या, "त्यालाच हिशेब लिहायला बसवा, सुधारेल." यावर आम्ही सगळे हसलो. आता गंमत बघा. आदल्याच वर्षी मंडळाने पटांगणात शांतारामबापूंचा 'दो आँखें बारह हाथ' दाखवला होता. 1957 चा हा चित्रपट, परळच्या राजकमलचा. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला कैद्यांची खुली वसाहत होती, त्यावरून सुचलेला. पडद्यावर सहा खुनी माणसं नांगर धरतात हे पाहून हेच सगळे डोळे पुसत होते. पण पाचशे रुपये आपले असले की पडदा वेगळा!

शेवटी माझी सूचना सर्वानुमते पास झाली : पैसे भरून द्यायचे आणि दहा दिवस फळ्यावर नाव. मुदतबंद शिक्षा! मी स्वतःवरच खूश झालो. सरकारकडे तरी याहून जास्त काय आहे? 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात शिक्षांचे प्रकार मोजून सहा : मृत्युदंड, जन्मठेप, सक्त किंवा साधी कैद, मालमत्ता जप्ती, दंड आणि नव्याने घातलेली समाजसेवा. ही शेवटची शिक्षा आमच्या चाळीत 'खजिनदार' या नावाने फार पूर्वीपासून चालू आहे.

पण शिक्षा देणाऱ्याचा हेतू त्याच्याच हातात राहतो असं नाही. 22 जुलै 1908 रोजी मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती दावरांनी टिळकांना सहा वर्षं काळं पाणी आणि हजार रुपये दंड सुनावला. बसवायची होती जरब. गिरणगावातल्या कामगारांनी सहा दिवस संप केला, वर्षाला एक दिवस या दराने. गोळीबार झाला, माणसं गेली, तरी हिशेब पुरा केला. टिळक 1914 साली मंडालेहून सुटून आले, तेव्हा लोकांच्या खात्यात त्यांच्या नावावर काहीच बाकी नव्हती.

आमच्या पोरासाठी संप कोण करणार? तिसऱ्या दिवशी त्याचे वडील दहा-दहाच्या नोटांत पाचशे रुपये घेऊन आले. मान वर केली नाही. मी मोजले, सवयीने दोनदा. अनंत चतुर्दशीला ओल्या फडक्याने फळा मीच स्वच्छ पुसला. पण त्यानंतर पोरगा मंडळात फिरकला नाही, आणि त्याला वाण्याकडे धाडायची वेळ आली की लोक 'राहू दे, मीच जातो' म्हणू लागले. नानांच्या दोन कानाखालींनी प्रकरण संध्याकाळपर्यंत मिटलं असतं, असं हल्ली मला रात्री-अपरात्री वाटतं.

परवा माझा गुडघा धरला म्हणून हिने त्यालाच औषध आणायला धाडलं. आता एकवीस वर्षांचा आहे, दादरला कुरियरच्या ऑफिसात असतो. त्याने गोळ्या आणि सुटे पैसे हातावर ठेवले. मी मोजायला लागलो. तो दारातच थांबला.

"सवय रे, बँकेतली," मी म्हणालो.

"मोजा ना काका," तो म्हणाला. "मीही तीनदा मोजलेत. तुमच्याकडे यायचं होतं ना."