सृष्टिकर्ता आणि मोक्षदाता

शिरोळ तालुक्यातील खिद्रापुरी कोपेश्वराचे शिवमंदिर आणि आदिनाथाची जैन बस्ती एकाच गावी उभी आहेत. शैव मत सृष्टीला कर्ता मानते, जैन मत मानीत नाही. सृष्टीचा कर्ता आणि जीवाचा उद्धारक एकच काय, हा प्रश्न ख्रिस्ती परंपरेतही प्रारंभीच उपस्थित झाला होता.

दुसऱ्या शतकातील अनेक ग्नॉस्टिक, म्हणजे ज्ञानवादी, पंथांचे मत असे की, हे जग परमेश्वराने नव्हे, तर कनिष्ठ व अज्ञानी अशा शक्तीने घडविले. ख्रिस्त ज्ञान देऊन जीवास त्यातून सोडवितो. १९४५ साली इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या पोथ्यांमुळे हे मत अधिक स्पष्ट झाले. उलटपक्षी, इ. स. ३२५ च्या निकिया येथील धर्मसभेने एकच देव सर्व दृश्यादृश्याचा कर्ता होय, असे जाहीर केले. फादर स्टीफन्सच्या मराठी ख्रिस्तपुराणातील (१६१६) सृष्टिरचनेची कथा याच मतास अनुसरून आहे.

आपल्या शास्त्रातही देवता व परमेश्वर भिन्न आहेत आणि मोक्षास ज्ञान हवे. तथापि ग्नॉस्टिक मत ते आपलेच, असे म्हणणे घाईचे होईल. देवता नित्यबद्ध आहेत, दुष्ट नव्हेत. प्रपंच अनित्य आहे, पापरूप नव्हे. प्रपंच दुष्टाची कृती मानला, की त्यातील जीवांची उपेक्षा करण्यास निमित्त मिळते. कर्ता न मानताही जैन मत जीवदया पाळते. तेव्हा जग कोणी केले याचे उत्तर काहीही असो, अहिंसेवाचून ज्ञान हा केवळ अभिमान होय.