आईच्या कामाचा दाखला

भोरहून महाडकडे जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाच्या कडेने वरंध घाटाकडे जातो. या रस्त्यावरचे हिर्डोशी आणि भोवतालच्या वाड्या म्हणजे जुने हिरडस मावळ. जुलैत इथे पाऊस नुसता कोसळत असतो आणि त्याच पावसात भाताची लावणी उरकायची असते. रोप तयार झाले की ते थांबत नाही. बायका सकाळीच खाचरात उतरतात. आज आपल्या, उद्या शेजारणीच्या, परवा चुलत जावेच्या. सावडीचे काम असल्याने पैसे हातात पडत नाहीत, दिलेले माणूस तेवढे परत मिळते. दिवसभर घोटाभर चिखलात वाकलेली ही बाई कागदोपत्री ना नोकरदार, ना मजूर. सरकारचे श्रमबळ सर्वेक्षण तिला घरच्या उद्योगातली बिनपगारी मदतनीस म्हणून काम करणाऱ्यांत मोजते खरे, पण तिच्या हातात दाखवायला एक चिठ्ठीही नसते. आणि मुलांच्या सांभाळावर खर्च करताना आपले कायदे बहुतेक वेळा हीच चिठ्ठी मागत आले आहेत.

1948च्या कारखाना कायद्याने 50पेक्षा जास्त, आणि 1976च्या दुरुस्तीनंतर 30पेक्षा जास्त स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. आकडा तीस ओलांडू नये म्हणून बायका कमी घेतल्या जात किंवा ठेकेदाराच्या नावावर दाखवल्या जात, ही कामगार संघटनांची जुनी तक्रार आहे. 2017च्या प्रसूती लाभ दुरुस्तीने 50 कर्मचाऱ्यांची अट घातली आणि त्यात पुरुषही मोजले. ही सुधारणा मोठी होती. 2005च्या रोजगार हमी कायद्याने कामावर सहा वर्षांखालची पाच मुले आली तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमावी आणि तिला मजुरी द्यावी, असे सांगितले. 2006ची राजीव गांधी पाळणाघर योजना नोकरी-मजुरी करणाऱ्या आयांसाठी होती आणि आईवडिलांच्या उत्पन्नाला तिच्यात मर्यादा होती. यातली प्रत्येक तरतूद लढून मिळवलेली आहे, तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही या सगळ्यांत मूल आईच्या हजेरीपटाला बांधलेले राहिले. आईचे काम सुटले की मुलाची जागाही गेली.

ऑस्ट्रेलियाने हीच वाट अधिक काटेकोरपणे चालून पाहिली. तिथे जुलै 2018पासून सरकारी बालसंगोपन अनुदानाचे तास आईवडिलांच्या कामाच्या तासांवर ठरत होते. पंधरवड्यात दोघांपैकी ज्याचे तास कमी, त्याच्या हिशेबाने अनुदान. नोकरी, शिक्षण, कामाचा शोध, स्वयंसेवा, अगदी घरच्या धंद्यातली बिनपगारी मदतही धरली जात होती, म्हणजे नियम आपल्यापेक्षा पुष्कळच उदार होता. तरी ज्यांचे काम आज आहे उद्या नाही अशी कुटुंबेच मागे पडत होती. 2024मध्ये तिथल्या उत्पादकता आयोगाने ही अट सैल करण्याची शिफारस केली आणि जानेवारी 2026पासून अनुदानाला पात्र असलेल्या प्रत्येक कुटुंबाला पंधरवड्याला किमान 72 तास मिळू लागले, मग आईवडील किती काम करोत. वेतनचिठ्ठ्या सर्रास असलेल्या देशाला हे करावे लागले. हिरडस मावळात तर तशा चिठ्ठ्याच नाहीत.

आईच्या शिक्षणाच्या बाबतीत अशी अट घालणे आणखी निरर्थक ठरते. दहावीला शाळा सुटलेली, लग्न होऊन वाडीत आलेली मुलगी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देऊ पाहते, मुक्त विद्यापीठात नाव घालू पाहते किंवा भोरला नर्सिंगच्या वर्गाची चौकशी करते. मूल कुठे ठेवायचे हे ठरल्याशिवाय ती प्रवेश घेऊच शकत नाही. प्रवेशाचा कागद आणला तर पाळणाघर, असे तिला सांगणे म्हणजे दार आतून लावून बाहेर उभे करणे. सांभाळ आधी मिळाला पाहिजे, अर्ज मग येतो.

शिवाय शिकणारी व्यक्ती नेहमी आईच असते असे नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. 1945 साली बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथे त्यांना दिसले की आदिवासी पाड्यावरची आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. म्हणून ‘विकासवाडी’ या आपल्या प्रयोगात त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली. भावंड पाळणाघरात, मधले बालवाडीत आणि ताई वर्गात. या रचनेत आईच्या कामाचा पुरावा मागण्याची गरजच नव्हती. आजही लावणीच्या दिवसांत वाडीवरच्या शाळेत कोण गैरहजर आहे आणि ती घरी काय करते आहे, हे गुरुजींना विचारावे लागत नाही. पाळणाघरावरच्या खर्चाचा हिशेब मांडताना या मुलीची बुडालेली शाळा कुठल्याच रकान्यात येत नाही, याचे मला अतोनात वाईट वाटते.

2 ऑक्टोबर 1975ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडीच्या दारात आईचा दाखला कधीच मागितला नाही. मूल वाडीतले आहे, एवढे पुरते. तत्त्व आपल्याकडे पन्नास वर्षे आहे; अडते ते तासांपाशी. अंगणवाडी दुपारी मिटते आणि लावणी संध्याकाळपर्यंत चालते. तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे घरी न्यायचा आहार मिळतो, दिवसभराची जागा मिळत नाही. 2022नंतर केंद्र सरकारच्या मिशन शक्तीतल्या ‘पाळणा’ योजनेने अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे ठरवले: सहा महिने ते सहा वर्षे वय, रोज साडेसात तास, महिन्यातून 26 दिवस, आणि आई नोकरी करो वा न करो. कागदावर ही योजना अगदी बरोबर आहे. पण एका केंद्राचा हिशेब 25 मुलांचा आहे आणि डोंगरातल्या वाडीत सहा वर्षांखालची सात-आठ मुले निघाली तरी खूप. धो धो पावसात, ओढा भरलेला असताना, दुसऱ्या वाडीवरच्या केंद्रात तान्हे मूल कोण पोचवणार?

पैसा मर्यादित आहे, तेव्हा ज्या आया खरोखर कामाला जातात त्यांना आधी द्या, हा आक्षेप शहरात रास्त वाटतो. इथे तो लागू पडत नाही, कारण लावणीला न जाणारी आई शोधून काढायलाच वेगळा माणूस लागेल. घरी आजी आहे, असेही म्हटले जाते. लावणीत आजीही खाचरातच असते. तेव्हा डोंगरी वाड्यांसाठी 25ची संख्या सोडावी, आठ मुलांनाही केंद्र द्यावे, निदान आषाढ-श्रावणात आणि पुढे भातकापणीला ते संध्याकाळपर्यंत उघडे ठेवावे. तो वाढीव वेळ अंगणवाडी सेविकेच्या मानधनातच ढकलू नये. तिच्यावर पोषणाच्या नोंदींपासून लसीकरणापर्यंतचा भार आहे, आणि पुष्कळदा तिचे स्वतःचे खाचरही लावायचे राहिलेले असते. वाडीतलीच दुसरी बाई त्या कामावर घ्यावी आणि तिला दिवसाची पूर्ण मजुरी द्यावी.