द्राक्षमळ्यातील मजूर आणि भोपाळच्या भगिनी

द्राक्षमळ्याचा दाखला (मत्तय २०) आपण कृपेचा दाखला म्हणून शिकवितो, आणि तो तसा आहेच. पण त्यातील एका साध्या गोष्टीजवळ आपण थांबत नाही. दिवस मावळायला तासभर उरला असता जे बाजारात उभे होते, ते आळशी नव्हते. त्यांना कोणी कामावर घेतलेच नव्हते. मजुरांच्या नाक्यावर आजही म्हातारा, अधू, परका असाच मागे उरतो.

उन्हातान्हात राबलेल्यांनी कुरकुर केली ती यांना मळ्यात घेतले म्हणून नव्हे. यांना आमच्या बरोबरीचे केले, हे त्यांना खुपले.

हीच बरोबरी मागण्यासाठी भोपाळच्या काही भगिनींना किती चालावे लागले पाहा. १९८४ च्या २ व ३ डिसेंबरमधील रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. पुढे वायुपीडित स्त्रियांसाठी सरकारने स्टेशनरी बनविण्याचे काम काढले. तेथे १९८६ साली रशीदा बी व चंपादेवी शुक्ला यांची गाठ पडली. एक मुसलमान, दुसरी हिंदू. दोघीही गरीब, शिक्षण बेताचे. सरकारी योजनेने त्यांना एका छपराखाली आणले, पण तेवढ्याने ऐक्य झाले असे मी म्हणणार नाही. मजुरी तुटपुंजी आहे हे दोघींना सारखेच जाणवले, तेव्हा त्यांनी मिळून संघटना उभारली. १९८९ साली सुमारे शंभर स्त्रिया, मुलेबाळे बरोबर घेऊन, सातशे किलोमीटरांहून अधिक पायी चालत दिल्लीस गेल्या. मजुरी मात्र लगेच वाढली नाही. २००४ साली दोघींना मिळून गोल्डमन पर्यावरण पुरस्कार लाभला. त्या पैशातून त्यांनी वायुपीडितांच्या अपंग मुलांसाठी चिंगारी ट्रस्ट सुरू केला.

आता आपल्या संस्थांकडे पाहू. आमच्या शाळा-दवाखान्यांत सर्व जातिधर्मांची माणसे काम करतात, असे आपण अभिमानाने सांगतो. पण झाडलोट पिढ्यान्‌पिढ्या त्याच घरांकडे का? वर्षानुवर्षे रोजंदारीवर असलेली बाई कमिटीच्या कोणत्या बैठकीत आठवते? कोणी म्हणेल, मंडळीच्या संस्थेने आपल्या बेकार मुलांना आधी पाहू नये काय? प्रश्न रास्त आहे. मात्र केवळ नावावरून आपल्या मुलाला दुसरीकडे काम नाकारले, तर आपण त्याला अन्याय म्हणतो, हेही त्याच बैठकीत बोलले जावे.

शब्बाथशाळेत हा दाखला घेताना मुलांना विचारून पाहावे : पहाटेच्या मजुराचे म्हणणे अगदीच खोटे होते काय? पुष्कळ मुले त्याचीच बाजू घेतील. घेऊ द्यावी. मग विचारावे, शेवटच्या मजुराने तासाभराचीच मजुरी घरी नेली असती, तर त्या रात्री त्याच्या घरी कितीजण जेवले असते?