वहीतले साठ किलो

मूर्तिजापूरला गाडीत बसलं की पश्चिमेला अकोला आणि पूर्वेला बडनेरा, म्हणजे अमरावती. या तालुक्यातल्या पोरांचं नशीब बहुधा या दोन दिशांतच वाटलं जातं. तिथल्याच एका गावात एक आबाजी राहतात. पाच एकर कोरडवाहू वावर, त्यात पऱ्हाटी आणि तूर, घरात लेक-सून, एक नातू, एक नात. गोष्ट म्हणूनच सांगतो आहे, म्हणून नावं घेत नाही. पण वऱ्हाडातल्या कोणत्याही गावात शिरलात तर असं एखादं घर सापडेलच.

आबाजींच्या आयुष्यात मिरवण्यासारखी गोष्ट एकच. लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून त्यांनी गाडगेबाबांचं कीर्तन पाहिलं होतं. बाबा जन्मले अंजनगाव सुर्जीकडच्या शेंडगावात, 1876 साली, पण वाढले याच तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी. त्यामुळे इथल्या माणसाला बाबा घरचे वाटतात. 1956 च्या डिसेंबरात बाबा गेले, तेव्हा आबाजींना जेमतेम समजू लागलं होतं. कीर्तनातलं त्यांना एवढंच आठवे, की बाबा पोरं शिकवा म्हणत होते. लोकांनाच प्रश्न विचारत, लोकांकडूनच उत्तर काढून घेत. आबाजींनी त्याचा अर्थ लावला तो असा : शिकणे म्हणजे साहेब होणे. खुर्ची, पंखा, टेबलावर घंटी.

म्हणून नातू बारावी झाला तसा अमरावतीला गेला. आधी बी. ए., मग स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका. पोरगा मेहनती, व्यसन नाही, सकाळी सातला खुर्चीवर जो बसे तो रात्री दहालाच उठे. जागा शेकड्यांत आणि बसणारे लाखांत, याला त्याचा काय इलाज? घरून दर महिन्याला पैसे जात आणि आबाजी पारावर सांगत, ‘आमचा पोट्टा कलेक्टरची परीक्षा देऊन रायला.’

नातीनं मात्र अकोल्याची गाडी धरली. आयटीआयमध्ये ‘कोपा’ नावाचा ट्रेड आहे, कॉम्प्युटर ऑपरेटर अँड प्रोग्रॅमिंग असिस्टंट. दहावीवर प्रवेश, एक वर्षाचा अभ्यास. कॉम्प्युटर उघडून परत जोडायचा, विंडोज आणि लिनक्स टाकायचं, नेटवर्कची वायर स्वतः क्रिम्प करायची, डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची, थोडं जावास्क्रिप्ट. पोरगी बारावी करून गेली होती, तरी आबाजींना ते उतरणीला लागल्यासारखंच वाटलं.

‘आयटीआय म्हंजे पान्हे अन् पकडी. पोरीच्या जातीनं थे कायले करा लागते?’

‘आबाजी, कोपात पान्हा नाई रायत, कीबोर्ड रायते.’

‘मंग टायपिंगच होय ना थे.’

आपल्याकडे मार्कांची एक उतरंड ठरलेली आहे. नव्वदच्या वर आले तर नीट नाहीतर जेईई, त्याखाली आले तर इंजिनियरिंग, आणखी खाली बी. एस्सी., आणि ‘काहीच नाई जमलं तं आयटीआय’. ही उतरंड कोणी रचली कोण जाणे. देशात आयटीआयची कारागीर प्रशिक्षण योजना 1950 पासून चालू आहे, म्हणजे आपल्या राज्यघटनेएवढी जुनी. तरी आपल्या घरांत तिचा दर्जा अजून ‘काहीच नाई जमलं तं’ एवढाच. पंजाबराव देशमुखांच्या वऱ्हाडात हे व्हावं याचं मला नवल वाटतं. त्या माणसानं बहुजनांच्या पोरांसाठी शाळा-महाविद्यालयांचं जाळं उभं केलं आणि केंद्रात कृषिमंत्री असतानाही वावर सोडून विचार केला नाही. असो.

वर्ष संपलं आणि नातीला मूर्तिजापूरजवळच्या एका जिनिंगात नोकरी लागली, वजनकाट्यावर. पत्र्याची केबिन, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, खिडकीला जाळी. बाहेर कापसानं भरलेल्या गाड्यांची रांग. गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही : ‘आबाजीची नात काट्यावर बसली.’ आबाजी दोन दिवस पाराकडे फिरकले नाहीत.

काट्याचं काम असं असतं. भरलेली गाडी आधी काट्यावर चढते, तिचं एकूण वजन घेतलं जातं. मग ती कापूस खाली करून येते आणि रिकाम्या गाडीचं वजन होतं. पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरतो तो कापूस. पण दिवाळीनंतर हंगाम पेटला की रांग रस्त्यापर्यंत जाते, आणि प्रत्येक गाडी दोनदा चढवायला कोणाला सवड असते? म्हणून सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. गाडीचा नंबर टाकला की तिचं आधीचं रिकामं वजन आपोआप येई, दुसऱ्यांदा काट्यावर चढायची गरजच उरत नसे. सॉफ्टवेअर बसवणारानं कधीतरी त्या सोयीपुढे टिकमार्क केला होता. तो गेला, टिकमार्क राहिला. शेठला ते ठाऊक नव्हतं आणि आधीच्या काटेवाल्यालाही नव्हतं. गाड्या भराभर निघत, सगळे खूश.

डिसेंबरात एक काकू खिडकीशी आल्या. जवळच्याच गावच्या, नवरा पिकअपपाशी उभा. काकूंच्या हातात शाळकरी पोराची अर्धी वापरलेली वही होती. वेचणीवाल्या बायांची मजुरी किलोवर असते, त्यामुळे रोज संध्याकाळी बांधावर प्रत्येकीचं गाठोडं तोलायचं आणि आकडा मांडायचा, हे काम काकूंचं. नावापुढे किलो, किलोपुढे पैसे, पानाच्या शेवटी बेरीज. अक्षर वाकडं, बेरीज सरळ.

‘बाई, माह्या वहीत अकरा क्विंटल चाळीस हाय. तुह्या पावतीत दहा ऐंशी काऊन?’

मागे उभा हमाल हसला. ‘वाळला असन, काकू. कापूस हाय, थो काय लोखंड हाय?’

कापूस वाळतो, हे खरं. घरात पडून राहिला की ओल जाते आणि वजन उतरतं. त्यामुळे उत्तर सगळ्यांना पटलं. काकूंनाही पटलंच असतं, पण त्या म्हणाल्या, ‘वाळलाबी असन. पण गेल्या खेपेलेबी साठच कमी होते. वाळाले का आकडा पाठ रायते?’

नातीच्या डोक्यात तेवढंच बसलं. ओलीमुळे कमी होणारं वजन दर खेपेला निराळं असायला हवं. दोन्ही खेपांना नेमके साठ किलो कमी भरत असतील तर तो कापसाचा गुण नाही, तो कुठल्यातरी आकड्याचा गुण आहे. तिनं पिकअपवाल्याला हाक मारली, ‘भाऊ, रिकामी गाडी एकदा चढवता का?’ रांगेतल्या ड्रायव्हरांनी हॉर्न वाजवून तिचा उद्धार केला. गाडी चढली. काट्यावर आकडा आला सतराशे तीस. कॉम्प्युटर त्याच गाडीचं रिकामं वजन दाखवत होता सतराशे नव्वद.

‘भाऊ, गाडीचं काई काढलं का मधात?’

‘जाळी होती ना लोखंडाची मागं. उन्हाळ्यात काढून टाकली.’

झालं. गेल्या हंगामात जाळीसकट घेतलेलं वजन कॉम्प्युटरनं इमानेइतबारे जपून ठेवलं होतं आणि काढून टाकलेल्या जाळीचे साठ किलो दर खेपेला काकूंच्या कापसातून वजा होत होते. त्या दिवशीचा भाव सात हजार रुपये क्विंटल. एका खेपेचे बेचाळीसशे रुपये.

काटा खोटा नव्हता, हेही सांगायला हवं. वैधमापन खात्याची मोहर त्यावर होती आणि यंत्र बिनचूक होतं. पण मोहर काट्याची होती. टिकमार्क कोण तपासणार?

आता खरा पेच. पोरगी नोकरीला लागून दोन महिने झालेले, पगार शेठचा, आणि बाहेर रांगेत कापूसवाले उभे. तिथंच खिडकीतून ओरडली असती तर दंगा झाला असता. गप्प बसली असती तर कोणालाच कळलं नसतं. ती गप्प बसली, पण फक्त संध्याकाळपर्यंत. काम संपल्यावर तिनं डेटाबेस उघडला आणि हंगामातल्या ज्या ज्या गाड्यांचं रिकामं वजन गेल्या वर्षीचं वापरलं गेलं होतं त्या सगळ्यांची यादी काढली. शिकवणीतल्या सरावाला विद्यार्थ्यांच्या नाव-गुणांचा तक्ता असे, इथं गाड्यांचे नंबर होते, क्वेरी तीच. मग पुढचे आठ दिवस त्या यादीतली जी गाडी येई ती रिकामी परत चढवून नवा आकडा जुन्याशेजारी मांडला. सतरा गाड्यांत फरक निघाला. अकरांत कापूसवाल्याचं नुकसान होतं. सहांत उलटं होतं : गाडीवाल्यांनी मागे जास्तीचे पत्रे-फळ्या ठोकल्या होत्या, रिकामी गाडी जड झाली होती, आणि तेवढ्या वजनाचे पैसे शेठ कापूस समजून मोजत होता.

तिनं सतराही गाड्या एकाच कागदावर छापल्या.

शेठ आधी भडकला. ‘तुला काट्यावर बसवलं आहे, हिशेब तपासायला नाही.’ मग त्यानं कागद पाहिला. डोळा पहिल्यांदा कुठे गेला असेल? त्या सहा गाड्यांवर. चष्मा लावून त्यानं त्यांची बेरीज दोनदा केली. नंतर बाकीच्या अकरांची केली. बराच वेळ गेला, चहा आला, निवला. शेवटी म्हणाला, ‘बंद कर ती भानगड. सगळ्या गाड्या दोनदा चढतील.’ अकरा जणांना फरकाचे पैसे गेले, काकूंना दोन्ही खेपांचे. सहा जणांकडून वसूल करायचं त्यानं मनावर घेतलं नाही. ते धर्म म्हणून की गाजावाजा नको म्हणून, हे शेठलाच ठाऊक. रांग मात्र दुप्पट झाली आणि ड्रायव्हर आजही नातीच्या नावानं खडे फोडतात.

आबाजींना हे सगळं काकूंच्या नवऱ्याकडून कळलं, पारावरच. ते घरी आले आणि नातीला म्हणाले, ‘मले सांग बरं, थो आकडा तुले दिसला कसा?’ तिनं मोबाइलवर काढलेला तक्त्याचा फोटो दाखवला. आबाजींना तक्त्यातलं ओ की ठो कळलं नाही. पण त्यांना गाडगेबाबांची एक हकीकत आठवली. बाबांच्या मामाची जमीन सावकाराच्या कर्जात गेली. सावकारानं कागद पुढे केला, मामाला तो वाचता येत नव्हता, त्यानं भरवशावर मान्य केला. बाबा शिका शिका म्हणून जीव तोडत त्यामागं हा कागद होता. आबाजींनी साठ-सत्तर वर्षं फक्त खुर्ची पाहिली होती.

‘मंग आता सावकाराचा कागद याच्यात असते म्हण,’ ते फोनकडे बोट करून म्हणाले.

‘सावकाराचाच नाई आबाजी, आपलाबी. सातबारा याच्यात, पीक विमा याच्यात.’

संक्रांतीला नातू घरी आला. मोबाइलवरून पीक नोंदवायची ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर सुरू झाली, हे त्याला पाठ होतं, परीक्षेत विचारतात. आपल्या वावराची पाहणी मात्र त्यानं कधी केली नव्हती, ती दर हंगामाला बहीण करत होती, आपली आणि अर्ध्या गावाची. हे त्याच्याच लक्षात आलं आणि तो स्वतःवरच हसला. पोरगा समजदार. रात्री तो बहिणीशेजारी बसला आणि म्हणाला, ‘थे क्वेरी कशी लेयतात थे दाखव.’ अभ्यासिका त्यानं सोडली नाही. पण आता संध्याकाळचे दोन तास अमरावतीतच डेटाबेसच्या वर्गाला जातो. परीक्षा निघाली तर उत्तम, नाही निघाली तर हातात काहीतरी असेल.

नात काट्यावर फार दिवस राहिली नाही. सॉफ्टवेअर विकणाऱ्या अकोल्याच्या माणसाला शेठनं फोनवर झापलं, तेव्हा त्यानं पहिलं विचारलं ते, ‘हे शोधलं कोणी?’ आता ती त्याच्याकडे आहे, पगार जवळजवळ दुप्पट. खामगाव, दर्यापूर, कारंजा, जिथं काटा अडला तिथं जाते. आयटी म्हटलं की आपल्याला पुण्याचं हिंजवडी नाहीतर नागपूरचं मिहान दिसतं. तिथं जावं, जरूर जावं. पण जिनिंगाचा काटा, दूध संकलनाचं यंत्र, सेतू केंद्र, दवाखान्यातलं बिलिंग, हेही आयटीच आहे, आणि ते बिघडलं तर पुण्याहून कोणी येत नाही.

मार्चात काकू पुन्हा आल्या, या खेपेला घरी. सोबत दहावीची परीक्षा देत असलेली पोरगी आणि तीच वही.

‘इले तुह्यासारखा काटा शिकव.’

‘काटा एका दिवसात येते, काकू. गणितात कशी हाय?’

‘बेरीज माह्याच्यानं चांगली करते.’

‘मंग पॉलिटेक्निकचा फॉर्म भरू. अमरावतीचं सरकारी पॉलिटेक्निक 1955 पासून हाय. दहावीवर तीन वर्षांचा कॉम्प्युटरचा डिप्लोमा. पुढं वाटलं तं इंजिनियरिंगले सरळ दुसऱ्या वर्षाले जाता येते. नंबर नाई लागला तं अकोला पाहू, आयटीआयबी पाहू.’

खाटेवरून आबाजी म्हणाले, ‘आयटीआय शेवटी कायले घेतं? बरोबरीनं घे ना.’

काकूंनी वही पुढे केली. ‘कागदं कोन्ते लागतीन थे लेय याच्यात.’

नातीनं नवं पान काढलं. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला, आधार, बँकेचं पासबुक. मग उत्पन्नाच्या दाखल्याखाली दोन रेघा ओढल्या.

‘याले तहसीलमधी टाइम लागते. निकालाची वाट नोका पाहू, एप्रिल लागला का थो टाका.’