माझ्यासमोर

आजोबांची एक मुदतठेव होती, नॉमिनी न लावलेली. ते गेल्यावर पैसे बाबांच्या खात्यात घ्यायचे ठरले आणि बँकेने आत्याचं ‘माझी हरकत नाही’ असं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र मागितलं. आत्या कराडजवळच्या गावात, मी पुण्यात. शनिवारी बाईक काढली. आत्याने चहा ठेवता ठेवता हात पुसले, “कुठं करू सही?” एवढंच विचारलं आणि केली.

सोमवारी लंच ब्रेकमध्ये कोर्टाजवळ गेलो. झेरॉक्सच्या दुकानाबाहेर टेबल, त्यावर शिक्के.

“बाई कुठंयत?”

“गावाला. गुडघे दुखतात.”

नोटरींनी आधारची झेरॉक्स पाहिली आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. “त्यांच्या नावापुढं तुम्हीच करा.”

केली. पाच मिनिटांत कागदावर लाल गोल शिक्का उमटला. खाली इंग्रजीत छापलेलं होतं, ‘बिफोर मी’. माझ्यासमोर.

नोटरी केली की कागद ‘पक्का’ होतो, असं मला तोवर वाटायचं. मग एका रात्री झोप येईना म्हणून १९५२चा नोटरी कायदा वाचला. मजकूर खरा आहे याची हमी नोटरी देतच नाही. प्रतिज्ञापत्रापुरतं त्याचं काम साधं आहे: समोरचा माणूस तोच आहे ना हे पाहायचं, त्याला शपथ द्यायची, त्याने आपल्यासमोर सही केली याची नोंद ठेवायची. जमिनीतला हिस्सा सोडायचा तर एवढ्यावर भागतही नाही, नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागतं. म्हणजे तिथे तरी आत्याला अधिकाऱ्यासमोर बसावं लागलं असतं.

माझा पहिला बचाव इंजिनिअरचा होता. आधार तिचं, प्रतिज्ञापत्रावरची सही तिची. व्हेरिफिकेशन झालं की! रजिस्टरमधली सही माझी, पण ती काय, एक एन्ट्री. ऑफिसात मी सहकाऱ्याचा कोड न वाचता अप्रूव्ह केलाय, तिथेही काही बिघडलं नाही. (तिथे माझ्यानंतर टेस्ट चालतात. इथे माझ्यानंतर बँक होती आणि तिने फक्त शिक्का पाहिला.)

दुसरा बचाव जास्त चिवट आहे. आत्या तशीही सही करणारच होती. नोटरीसमोर बसवली असती तरी निकाल तोच. मग नुकसान कुणाचं?

यावर मी बरेच दिवस अडकलो होतो. ‘करणारच होती’ हे वाक्य माझं आहे, तिचं नाही. दीडशे किलोमीटर गाडी हाणत भाचा दारात आलाय, भावाचं काम आहे, चहा उकळतोय. अशा वेळी ‘थांब, आधी वाचून दाखव’ म्हणायला किती बळ लागेल? आमच्या घरात तरी बाईने ते म्हटलेलं मी पाहिलेलं नाही. नोटरीचं टेबल ही त्या सगळ्या प्रकरणातली एकमेव जागा होती जिथे नात्यात नसलेला माणूस तिला विचारणार होता: वाचलंत का? कळलं का? सही तुमच्या मर्जीने ना? त्याने ते जांभई देत विचारलं असतं. उत्तरही कदाचित ‘हो’च आलं असतं. पण तो प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नाही, आणि मधे मी उभा होतो.

गुडघ्यांचं कारण खरं होतं. पण कराडातही नोटरी आहेत. रिक्षाने तिला नेऊन आणायला अर्धा दिवस गेला असता, आणि मला त्याच शनिवारी परतायचं होतं.

भाऊबीजेला आत्या आमच्याकडे आली. जेवणं झाल्यावर मी फोनमध्ये ती पीडीएफ उघडली आणि म्हटलं, “आत्या, तू सही केलेला कागद वाचून दाखवतो.” “आता कशाला?” म्हणाली, पण चष्मा शोधायला लागली. मी सावकाश वाचलं. ‘वरील मजकूर मी वाचला असून तो मला समजला आहे’ इथे माझा आवाज जरा अडकला. रजिस्टरचंही सांगितलं.

तिला रजिस्टरचं काही वाटलं नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, “किती होते रे आबांचे?”

“चार लाख साठ हजार.”

ती गप्प बसली. मग स्वयंपाकघराकडे बघत हळू आवाजात म्हणाली, “दादा मला म्हणाला होता, किरकोळ काहीतरी आहे.”