एकट्या आईचे मूल आणि गावातले पाळणाघर

विदर्भ-मराठवाड्यात कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. तान्हे मूल सोबत आणलेली बाई तिथे पहिल्या तासापासूनच मागे पडते. बांधावरच्या लिंबाला लुगड्याची झोळी बांधायची, मूल रडले की कमरेची ओटी सोडून धावायचे, त्याला पाजून, निजवून पुन्हा ओळीला लागायचे. संध्याकाळी काट्यावर तिचा कापूस कमी भरतो. घरात दुसरा कमावता असेल तर ही तूट थोडीफार भरून निघते. विधवा किंवा परित्यक्ता आईच्या घरात ती थेट मुलांच्या ताटात दिसते. ती टाळायची तर थोरल्या मुलीची शाळा सोडवून धाकट्याला तिच्या कडेवर द्यावे लागते. भूक आज टळते, पण गरिबी पुढच्या पिढीच्या नावावर चढते.

कमवायचेही तिनेच आणि त्याच वेळी सांभाळायचेही तिनेच, हे एकल पालकाच्या गरिबीचे मूळ आहे. म्हणून तिला पैसा आणि पाळणाघर दोन्ही एकदम मिळाले पाहिजे.

आधी पैशाचे पाहू. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत विधवा, परित्यक्ता यांना महिना 1500 रुपये मिळतात. पण त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा वर्षानुवर्षे 21,000 रुपयांवर अडकलेली आहे, म्हणजे महिना 1750. एवढ्यात आई आणि दोन मुले जगतात असा दाखला मागणे म्हणजे तिला खोटे बोलायला लावणे. 2024 साली 'लाडकी बहीण' आली, तेव्हा याच राज्याने अडीच लाखांची मर्यादा ठरवली. मग निराधार बहिणीलाच एवढी कडक चाळणी का? विधवेकडे निदान मृत्यूचा दाखला असतो. परित्यक्तेला नवऱ्याने टाकल्याचा पुरावा शोधत फिरावे लागते. बालसंगोपन योजनेत एक पालक गमावलेल्या मुलालाही महिना 2250 रुपये मिळू शकतात. मात्र अर्ज जिल्ह्याच्या बालकल्याण समितीपुढे जातो आणि तिथे जायचे तर त्या दिवसाची मजुरी बुडते. करोनानंतर हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकल महिलांसाठी गावोगाव काम उभे केले. हक्क घरापर्यंत नेऊन द्यावा लागतो, हे त्या कामातून दिसले.

पण हे सगळे पैसे मिळाले तरी मूल कुठे ठेवायचे? अंगणवाडीची शाळा तीन ते सहा वर्षांच्या मुलांची, तीही काही तासांची. तीन वर्षांखालच्या मुलाच्या वाट्याला घरी न्यायचा आहार येतो. त्याला दिवसभर सांभाळणारे कोणी नाही.

याचे उत्तर महाराष्ट्राला जुनेच ठाऊक आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणल्या. आदिवासी मुली शाळेत येत नव्हत्या, कारण कडेवर भावंड होते. भावंडाची सोय झाली आणि मुलीला वर्गात बसता आले. अनुताई स्वतः बालविधवा होत्या.

देशाच्या 2005 च्या रोजगार हमी कायद्यानेही कामावर सहा वर्षांखालची पाच मुले असली तर एका बाईला तीच मजुरी देऊन सांभाळायला नेमावे, असे सांगितले होते. कर्नाटकाने 2023 पासून ग्रामपंचायतींमध्ये 'कूसिना मने' ही पाळणाघरे सुरू केली. केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची तरतूद आहे. पण हे काम आधीच वाकलेल्या अंगणवाडी सेविकेवर लादू नये. वेगळी बाई नेमावी, तिला किमान वेतन द्यावे आणि पाळणाघराच्या वेळा शेतीच्या वेळांशी जुळवाव्यात. पहाटे वेचणीला जाणाऱ्या आईला दहा वाजता उघडणारे दार काय कामाचे?

'आजी सांभाळते की' असे सहज म्हटले जाते. पण हाताशी आजी असली, तर तीही बहुधा मजुरीलाच गेलेली असते.

21,000 ची अट सरकारने बदलावी, ती मागणी आपण लावून धरू. एक गोष्ट मात्र गावातच होण्यासारखी आहे. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा 10 टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. पुढच्या ग्रामसभेला जा, हे पैसे कुठे गेले ते विचारा आणि त्यातून पाळणाघराचा ठराव मांडा.